खिशातला कॅमेरा आणि खारा वारा

महिन्यातले दहा-बारा दिवस मी चिपळूणहून बाहेर पडते ती बचत गटांच्या वह्या तपासायला. कधी गुहागरकडची गावं, कधी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोलीची बाजू. खांद्यावरच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, पावतीपुस्तकं, आणि मनगटात दोरी अडकवलेला छोटा कॅमेरा. सोनीचा आरएक्स १००, २०१२ साली आलेलं पहिलं मॉडेल. मी तो जुनाच घेतला. बॅटरी आणि कार्डासकट वजन २४० ग्रॅम, म्हणजे जेवणाच्या डब्यापेक्षा कमी.

फोन असताना हा कशाला, असं सगळे विचारतात. एक कारण काचेत आहे. लेन्स २८ ते १०० मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे रुंद देखाव्यापासून जवळ ओढलेल्या चेहऱ्यापर्यंत, आणि झूम खरा, काच हलून होणारा. दुसरं कारण माणसांत आहे. फोन वर केला की बायका पदर सावरतात, कारण हा व्हिडिओ कुठे फिरेल याची त्यांना धास्ती असते. छोटा कॅमेरा दिसला की त्या विचारतात, ‘फोटो धुऊन देणार काय?’ या प्रश्नाने ओळख होते, आणि माझे चांगले फोटो ओळखीतूनच आलेत.

घेताना जुना घेणार असाल तर तो हातात घेऊनच बघा. कॅमेरा चालू करून लेन्स बाहेर येताना कान द्या. कुरकुर ऐकू आली तर आत वाळू आहे, परत करा. टॉर्चच्या उजेडात काचेत तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. झूम नको असेल तर रिकोचा जीआर ३ फार उत्तम, उजेड टिपणारा सेन्सर मोठा, पण २८ मिलिमीटरची एकच रुंद नजर. तारकर्लीला पाण्यात उतरणार असाल तर ऑलिंपसचा टीजी-६ घ्या, १५ मीटर खोलीपर्यंत चालतो आणि त्याची लेन्स बाहेर येतच नाही. बाकी तुलना वाचत बसण्यात दिवस घालवू नका.

सेटिंगचं काम घरी, चहा घेताना उरकायचं. माझ्या कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘एमआर’ अशी खूण आहे, तिथे तीन सेटिंग साठवता येतात. पहिलं भर दुपारच्या किनाऱ्यासाठी: छिद्र, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ ५.६ (एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १२५. हे का, ते सांगते. या कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते ठरवणारा पडदा, सेकंदाच्या २०००व्या भागापेक्षा जलद होत नाही. लख्ख उन्हात एफ ४ ला ती मर्यादा गाठली जाते, आणि त्याहून मोठं छिद्र ठेवलंत तर वाळू नुसती पांढरी फटक. दुसरं सेटिंग धक्क्यासाठी, जिथे सगळं हलत असतं: शटर सेकंदाचा २५०वा भाग, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२००. तिसरं अंधाराचं, एफ १.८ आणि झूम अजिबात नाही, कारण झूम केला की याचं छिद्र एफ ४.९ पर्यंत लहान होतं. शिमग्यात रात्री पालखी नाचते तेव्हा हे तिसरं लावते आणि फ्लॅश मारत नाही. होळीच्या जाळाचा उजेड चेहऱ्यावर असताना तो पुसायचा कशाला?

बोटीवर सराव छान होतो. वाशिष्ठीच्या मुखावर ही फेरीबोट फिरते, पलीकडे पोचेपर्यंत थोडा वेळ मिळतो. मी कोपर अंगाशी धरून उभी राहते, कठड्याला टेकत नाही. इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. गुडघे थोडे सैल, दोरी मनगटात, श्वास सोडताना बटण. मोटारसायकलवरून उतरून समुद्राकडे बघणारी माणसं इथे आपल्याच तंद्रीत असतात.

आता हर्णै, जिथे मी सगळ्यात जास्त शिकले. दुपार कलली की होड्या येतात, मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, पाट्या ओतल्या जातात आणि लिलाव सुरू होतो. समोर सुवर्णदुर्ग. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव बघायला जाऊ नका. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे, म्हणजे तुमच्या तोंडावर. नवखा माणूस किल्ला आणि माणूस दोन्ही एका फोटोत धरायला जातो आणि माणूस कोळशासारखा काळा येतो.

यावर उपाय छोट्या कॅमेऱ्याकडेच आहे. आरएक्स १०० चं शटर लेन्समध्येच असल्याने फ्लॅश जलद शटरलाही जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांना साधारण २००व्या किंवा २५०व्या भागानंतर त्यासाठी वेगळी सोय लागते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत एकूण किती उजेड घ्यायचा ते, आकाशाकडे बघून ठरवायचं, एक पायरी म्हणजे निम्म्याने कमी करायचं, फ्लॅश उघडायचा आणि माणसाच्या सहा फुटांच्या आत जायचं. आकाशाचा केशरी रंग टिकतो, चेहराही उजळतो. सहा फुटांपलीकडे हा इवलासा फ्लॅश फारसा पोचत नाही, म्हणून आधी बोलायचं आणि मग फोटो काढायचा.

पहिल्यांदा मी न बोलताच काढत होते. एक मावशी पापलेटांचा वाटा लावत बसलेली, हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात, बांगडीवर एक खवला चिकटलेला. तिने मान वर करून म्हटलं, ‘अगो बाय, माझा कशाला काढतेस? मासळीचा काढ.’ मी खाली बसले, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि आज भाव काय लागला ते विचारलं. पाचेक मिनिटांनी तिनेच विचारलं, ‘काढलास काय?’ तेव्हा काढला. खवल्यासकट.

लिलावाच्या गर्दीत ऑटोफोकस चाचपडतो. कुणाचा हात मध्ये आला की तिकडेच धावतो. तिथे हाताने फोकस लावा. झूम न करता एफ ४ वर फोकस अडीच मीटरवर, म्हणजे आठ फुटांवर ठेवलात तर साधारण चार फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. बटण दाबलं की फोटो तत्क्षणी. कॅमेरा बंद करून चालू केलात तर फोकस पुन्हा तपासा. आणि लिलाव पुकारणारा व बोली लावणारे यांच्या मध्ये उभ्या राहू नका, पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका. त्यांचा तो पोटाचा वेळ असतो.

किनाऱ्यावर कधी जायचं ते पंचांगात बघते. आमच्याकडे साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की बारा वाजल्यानंतर किती तासांनी भरती ते कळतं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमारास, सूर्य बुडताना. त्या दिवसांत उधाणामुळे पाणी मागेही लांबवर हटतं. गुहागरला त्या संध्याकाळी ओली वाळू आरशासारखी पसरते. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर धरा, म्हणजे लेन्स वाळूच्या जवळ येते आणि आख्खं आकाश खाली उतरतं. अष्टमीला भांग असतो, पाण्याची चढउतार कमी आणि संध्याकाळी भरती. तेव्हा दीपगृह नाहीतर देऊळ बघा.

पण याच गुहागरला माझी लेन्स अडकली, ते नीट सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर असे कॅमेरे बहुतेक याच कारणाने मरतात. वारा सुटलेला होता. फोटो काढून मी कॅमेरा हातात तसाच धरून चालत होते. बॅटरी वाचवायला तो आपणहून बंद झाला आणि लेन्स आत गेली, नळीवर बसलेली वाळू घेऊन. पुढच्या वेळी ‘कर्र’ असा आवाज आला आणि अर्ध्यावर थांबली. दुरुस्तीत दीड महिना गेला आणि शिमगा हुकला. वाळू नुसती वाळू नसते, तिला मीठ चिकटलेलं असतं, ते दातऱ्यांत ओल धरून बसतं.

तेव्हापासून किनाऱ्यावर जाण्याआधी मी पॉवर सेव्हचा वेळ लांबवते. लेन्स बाहेर असताना तोंड खाली, पाठ वाऱ्याकडे. बंद करण्याआधी रबरी फुंकणीने नळीभोवती हवा मारते, मग जुन्या सुती साडीच्या तुकड्याने नळी हलकेच पुसते, आणि मगच बटण. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. घरी आल्यावर कपडा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, अंग पुसायचं, कोरड्या कपड्याने पुन्हा पुसायचं. काच शेवटी आणि वेगळ्या कपड्याने.

दुसरा शत्रू दमट हवा. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढलात तर थंड काचेवर दव बसतं, आतल्या भागांवरही. तो झिपच्या पिशवीत बंद ठेवा आणि अर्धा तास थांबा. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशीला घर देतं. माझा कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतो. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावले. तापवले की पुन्हा निळे होतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी क्षार असतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा जुना तवा ठेवा, स्वयंपाकाचा कधीच नको. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा.

वेळासला जाणाऱ्यांना हात जोडून सांगते. तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातायत. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, म्हणून फ्लॅश बंद हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अंधुक उजेडात फोकससाठी कॅमेऱ्यातून एक छोटा दिवाही पेटतो, तो मेनूत जाऊन बंद करावा लागतो आणि बहुतेकजण ते विसरतात. दोरीच्या मागे पोटावर झोपा, झूम पूर्ण, कॅमेरा दुमडलेल्या टॉवेलवर. पिल्लू पाण्याला लागेपर्यंत एकाच जागी राहा.

कातळशिल्पांना छोट्या कॅमेऱ्याचा फार उपयोग होतो. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, हत्ती इतका मोठा आहे की बाजूला उभं राहून तो कळतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. २४० ग्रॅमचा कॅमेरा मात्र लांब काठीच्या टोकाला बसतो. दहा सेकंदांचा टायमर, काठी दोन्ही हातांनी डोक्यावर, लेन्स खाली. चार-पाच फोटो वाया जातात, एक जमतो. वेळ सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आधीचा तास. तिरपा उजेड खाचांत सावली भरतो. दुपारी कातळ सपाट दिसतो. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना काही घालू नका.

शेवटचं काम घरी परतल्यावरचं. माझ्याकडे फोटोंच्या दोन हार्डडिस्क होत्या आणि दोन्ही तळमजल्याच्या एकाच कपाटात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. मी कॅमेरा घेऊन वर गेले, कपाट खाली राहिलं. गाळातून काढलेल्या डिस्क पुन्हा बोलल्या नाहीत. आता एक प्रत रत्नागिरीला बहिणीकडे असते, दर गणपतीला नवी नेऊन जुनी आणते.

त्या वर्षांतले जे थोडे फोटो परत मिळाले ते दिलेल्या प्रिंटमुळे. चार बाय सहाचे प्रिंट मी गटाच्या बैठकीला नेऊन वाटत असे, ते घराघरांत भिंतीवर होते. प्रिंटचा फोटो काढायचा तर फ्लॅश नाही, पडवीतला सावलीचा उजेड, प्रिंट जमिनीवर सपाट, कॅमेरा बरोबर वरून समांतर. झूम मध्यावर, म्हणजे कडा वाकत नाहीत. छिद्र एफ ५.६, दोन सेकंदांचा टायमर. फ्रेममधून सहज निघत असेल तरच काढा.

हर्णैच्या मावशीचा फोटो दमट हवेने काचेला चिकटला होता, ओढला असता तर चेहरा काचेवर राहिला असता. म्हणून तो भिंतीवरच ठेवला. काचेत माझंच प्रतिबिंब येत होतं. मावशीने काळी छत्री उघडून माझ्या पाठीमागे धरली, प्रतिबिंब गेलं, आणि बांगडीवरचा खवला दिसला.