उघड्या पटांगणात बँड आणि गोंधळ: आधी वीज, मग स्वर, मग साउंड

गिटार, बेस आणि ड्रमचा बँड, सोबत गोंधळी मंडळींचं संबळ-तुणतुणं, एक पखवाज आणि पेटी. तुळजापूरपासून नांदेडपर्यंत असा कार्यक्रम ठरला की आयोजक पहिल्यांदा विचारतो, "टॉप किती लावायचे?" ५०० माणसांना दोन टॉप (वरचे मुख्य स्पीकर) आणि दोन बेस (खालच्या जाड आवाजाचे स्पीकर) पुरतात. कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक विजेपायी किंवा स्वरापायी.

आकडा टाकून कार्यक्रम करू नका. तात्पुरती जोडणी घ्या, नाहीतर १५ केव्हीएचा जनरेटर. १५ केव्हीए (जनरेटरची क्षमता) म्हणजे साधारण १२ किलोवॅट, त्यातले आठ-नऊच वापरायचे. लाइट आणि कूलर एका फेजवर, साउंड दुसऱ्यावर. लाइटचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारा) साउंडच्याच लाइनवर असला की स्पीकरमधून गुणगुण येते.

सगळ्यात महाग पडतो तो ढिला न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक वायर. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी तिथं २३० चे ३०० व्होल्ट होतात, कधी ४०० च्या जवळ जातात, आणि कमी लोड नेमका साउंड मिक्सरच्या फेजवर असतो. सप्लाय बंद करून वायरमनकडून न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाचा जोड) पान्यानं आवळून घ्या. मग सप्लाय सुरू करून एका फेजवर दोन-तीन हॅलोजन पेटवा आणि तिन्ही फेज मल्टिमीटरनं मोजा. बिनलोडचं रीडिंग फसवं असतं, ढिला न्यूट्रलही तेव्हा २३० दाखवतो. हॅलोजन पेटल्यावर तिन्हीकडं २२० ते २४० टिकलं, तरच मिक्सरची पिन लावा.

अर्थिंगचं दुखणं आपल्या काळ्या रानाचं. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा रॉड आणि मातीत फट पडते. रॉड हापशाजवळच्या ओलसर जागी ठोका, भोवती मिठाचं पाणी मुरवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन-चार व्होल्टच्या वर दिसलं तर काम कच्चं आहे. हातात गिटार आणि ओठ माइकला, अशा गायकाला झटका बसतो तो इथंच. गुणगुण थांबवायला पिनमधला अर्थ तोडणारे महाभाग आहेत. त्यापेक्षा डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा.

आता स्वर. गाणाऱ्या बुवांना पट्टी विचारली तर उत्तर येतं "काळी एक" किंवा "पांढरी दोन". गिटारवाल्याला ते सांगताना काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी. काळी एकला गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीच्या कॉर्ड धरा. खरी अडचण पुढं आहे. जुन्या पेटीचा ए (ज्यावर बँड जुळवतात तो सूर) ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही आणि पेटी मंचावर जुळवता येत नाही. म्हणून ट्यूनरनं पेटीचा ए मोजा. ४४४ निघाला तर कीबोर्डचं मास्टर ट्यून आणि गिटारच्या ट्यूनरचा आधार, दोन्ही ४४४ करा. पेटीनं बँडला जुळायचं नाही, बँडनं पेटीला जुळायचं. पखवाजाच्या धुम्याची (जाड आवाजाच्या तोंडाची) कणीक उकाड्यात सुकते आणि आवाज चढतो. भिजवलेल्या कणकेचा एक गोळा ओल्या फडक्यात मंचामागं ठेवाच.

संबळ मुळातच मोठं. दोन्ही भांड्यांच्या मध्ये वीतभर अंतरावर एक साधा डायनॅमिक माइक पुरे. तुणतुणं मात्र हरवतं, त्याला कातड्याच्या बाजूनं चार बोटांवर माइक द्या. पखवाजाला दोन. पेटीचा माइक वरून, एक-दीड वीत उंच ठेवा, भात्याकडं वळवला तर नुसता वारा ऐकू येतो. गोंधळी एका जागी उभे राहत नाहीत, ते राहावेत अशी अपेक्षाही करू नका. मुख्य गायकाला कॉलर माइक द्या आणि त्यानं मुख्य स्पीकरच्या पुढं जायचं नाही म्हणून जमिनीवर टेपची रेघ मारा.

साउंडचेक लहान आवाजापासून करा: तुणतुणं, पेटी, गळा, पखवाज, संबळ, बेस, शेवटी ड्रम. उलटं केलं की ड्रमच्या मापानं सगळंच वाढत जातं आणि माइक शिट्टी मारायला लागतो. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीमागं, गायकाकडं तोंड करून ठेवा. माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका, तीही शिट्टी बोलावते. आणि "हॅलो, हॅलो" करून उपयोग नाही. गायकाला सगळ्यात उंच जागा गायला लावा.

गर्दी लांबवर असेल आणि ३० मीटरवर स्पीकरची दुसरी जोडी लावली असेल, तर तिला सुमारे ८७ मिलिसेकंद डिले द्या, म्हणजे तिचा आवाज तेवढा उशिरा सोडा. हवेत आवाजाला तेवढा वेळ लागतो. नाहीतर मागच्यांना प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते.

परवानगी पोलीस ठाण्यातून. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि बरेच जण इथं चुकतात: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत उघड्यावरची वाद्यंही आहेत. माइक बंद करून संबळ चालू ठेवलं तरी नियम मोडतोच. सवलतीच्या दिवशी बारापर्यंत मुभा असते, पण असे दिवस वर्षात जास्तीत जास्त १५. आपला दिवस त्या यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर गोंधळ आठला आधी लावा आणि बँड नंतर. बँडची दोन गाणी कापता येतात, आरतीपर्यंत आलेला गोंधळ मध्येच तोडता येत नाही.