प्रश्नावली शेवटी काढा : फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यांत मनाच्या तब्येतीचा सर्वे कसा करावा

दर ऑगस्टमध्ये मला चार-पाच मेल येतात. पुण्या-मुंबईकडून पब्लिक हेल्थ नाहीतर सोशल वर्क शिकायला अमेरिकेत आलेली मुलं असतात, बहुतेक बीडीएस किंवा बीएएमएस झालेली. कुणा प्राध्यापकांच्या प्रोजेक्टवर को-ऑर्डिनेटर म्हणून लागलेली असतात. प्रोजेक्टचा विषय लॅटिनो (लॅटिन अमेरिकेतून आलेल्या) स्थलांतरितांचं मानसिक आरोग्य : कुणाला उपचार मिळतात, कुणाला नाही आणि ही दरी कमी कशी करायची. ‘ताई, मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय, आणखी काय करू?’ सगळ्यांना मिळून हे एकच उत्तर.

मी तासगावची. आमच्याकडे बेदाणा शेडमध्ये, जाळीवर, सावलीत सुकतो. इथे कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या आसपास, ऑगस्टअखेर घड तोडून दोन ओळींच्या मधल्या मातीवर कागद अंथरतात आणि त्यावर उन्हात पसरतात. वाण ओळखीचा, थॉम्पसन. तोडणारे हात मेक्सिकोचे, त्यातले बरेच ओआहाका राज्यातले. मजुरी बहुधा कागदावर, म्हणजे जितके कागद भरले तितके पैसे. ऊन चाळीसच्या पुढे. अशा माणसाला बांधावर गाठून ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निराश वाटलं?’ असं विचारणं हा मूर्खपणा आहे. मी तो केलेला आहे.

पहिल्या हंगामात आम्ही पांढऱ्या व्हॅनमधून गेलो. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. व्हॅन वळणावर दिसली आणि ओळीच्या ओळी रिकाम्या झाल्या. सरकारी गाडी, धरपकड करायला आलेली, असं वाटलं त्यांना. त्या दिवशी एकही मुलाखत झाली नाही, आणि कुणाची तरी अर्ध्या दिवसाची मजुरी आमच्यामुळे बुडाली. त्यामुळे पहिली सूचना ही : स्वतःच्या साध्या गाडीने जा, ओळखपत्र खिशात ठेवा, विचारलं की दाखवा.

आधी थोडं वाचा

ढीगभर पेपर वाचत बसू नका. दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली याच फ्रेस्नो काउंटीतली. विल्यम वेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या तीन हजारांवर प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, निष्कर्ष १९९८ साली छापून आले. मेक्सिकोतून आलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी एखादा मानसिक आजार झालेला होता. अमेरिकेतच जन्मलेल्यांमध्ये हा आकडा ४८ टक्क्यांच्या आसपास. आणि आलेल्यांमध्येही, जितकी वर्षं इथे जास्त काढली तितकं प्रमाण वाढलेलं. अभ्यासक याला ‘स्थलांतरितांचा विरोधाभास’ म्हणतात. दुसरी गोष्ट मार्गारिता अलेग्रिया यांच्या चमूने २००२-०३ मध्ये केलेली देशव्यापी पाहणी. तिच्यात लॅटिनो आणि आशियाई दोन्ही समाज होते. ‘लॅटिनो’ म्हणजे एकच गठ्ठा नव्हे, हे तिथून शिकावं : पोर्तो रिकोचे, क्यूबाचे आणि मेक्सिकोचे यांची चित्रं वेगवेगळी निघतात.

यावरून ‘नवे आलेले तर ठणठणीत आहेत’ असा निष्कर्ष काढणारे भेटतील. त्यांना विचारा, मग इथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचं काय? आणि ज्या २५ टक्क्यांना त्रास झाला, ते गेले कुणाकडे? दरी ती आहे. आजार किती, हा निम्माच प्रश्न.

ताईशिवाय पाऊल टाकू नका

प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतलीच बाई, जी आरोग्याचं काम करते. आपल्या आशाताईंसारखी, असं सांगितलं की मराठी माणसाला लगेच कळतं. फरक एवढाच की तिच्या मागे सरकारी यंत्रणा असेलच असं नाही. माझी प्रोमोतोरा मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याची, पन्नाशीची, वीस वर्षं द्राक्षं तोडलेली. तोंडाने मी तिला दोन्या म्हणते (वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात तसं), मनात ताई. तिला बजेटमध्ये पगार धरा. ‘स्वयंसेवक’ म्हणून राबवू नका. आणि प्रश्नावली ठरायच्या आधी तिला बसवा, ठरल्यानंतर नव्हे.

कारण ती सांगते ते पुस्तकात नसतं. ‘कोराखे’ हा शब्द घ्या. कोशात ‘धैर्य’ही सापडेल, मेक्सिकन बाई ‘कोराखे झालं’ म्हणते तेव्हा तिला संताप आलेला असतो, गिळलेला. ‘पेना’ स्पेनमध्ये दुःख, मेक्सिकोत लाज. आमची पहिली प्रश्नावली एका एजन्सीने केलेल्या भाषांतराची होती आणि तिच्यात ‘पेना’ दुःखाच्या अर्थाने आला होता. उत्तरं आली ती लाजेची. दोन्या हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, ‘छापायच्या आधी मला दाखवलं असतं तर?’

आजाराची नावंही तिच्याकडून शिका. ‘नेर्विओस’ म्हणजे आपलं ‘टेन्शन’ आणि ‘जीव घाबरा होणं’ यांच्या मधलं काहीतरी. ‘सुस्तो’ म्हणजे दचकून भीती बसणं; आत्मा अंगातून निसटला असं मानतात आणि जाणत्या बाईकडून तो परत बोलावतात. माझ्या आजीने मला भीती उतरवायला मीठ-मोहऱ्या ओवाळल्या होत्या, त्यामुळे मला समजावून घ्यावं लागलं नाही. ‘अताके दे नेर्विओस’, म्हणजे रडणं, थरथर, किंचाळणं असा झटका, कॅरिबियन लोकांत जास्त बोलला जातो. अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत नियमपुस्तकात त्याची नोंद १९९४ पासून आहे. कुणी असं नाव घेतलं तर ‘म्हणजे डिप्रेशन का?’ असं म्हणू नका. ‘कशाने झालं?’ एवढंच विचारा आणि ऐका. आणि बोलताना ‘उस्तेद’. हे आपलं ‘तुम्ही’ आहे. विशीतल्या पोरालासुद्धा उस्तेद, त्याने ‘तू’ म्हणा म्हणेपर्यंत.

अजून एक फसगत. एका वस्तीत ओळीने सात बायकांचा स्कोअर शून्य आला. मी खूश. दोन्याने विचारलं, ‘त्यांना स्पॅनिश कुठे येतं?’ त्या ओआहाकाकडच्या, मिश्तेक बोलणाऱ्या होत्या. मान डोलावत सगळ्याला ‘नो, नो’ म्हणाल्या होत्या, पाहुणी लवकर जावी म्हणून. मिश्तेक ही स्पॅनिशची बोली नव्हे, पूर्ण वेगळी भाषा आहे. सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि दोन गावांचे लोक एकमेकांना समजतीलच असं नाही. बहुतेकांना ती लिहिता-वाचता येत नाही, म्हणून कागदावर भाषांतर करून उपयोग शून्य. आम्ही प्रश्न आवाजात रेकॉर्ड केले, त्यांच्याच भागातल्या बाईकडून. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करायचा मोह होईल. आईने जीव द्यायचा विचार केला का, हे त्या पोरीच्या तोंडून विचारणार का?

केव्हा, कुठे

तोडणीत नाही. छाटणीच्या दिवसांत, हिवाळ्यात, दाट धुकं पडतं आणि काम उशिरा सुरू होतं, तेव्हा माणसं बोलतात. जागा म्हणाल तर लॉन्ड्रोमॅट, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान, उत्तम : कपडे सुकेपर्यंत कुठे जायचं नसतं. रविवारी चर्च सुटल्यावर, आठवडी बाजारात. मेक्सिकन कॉन्सुलेटमध्ये ‘बेन्तानिया दे सालुद’ नावाची आरोग्य खिडकी असते. पासपोर्टसाठी लोक तिथे आपणहून आलेले असतात. आणि रेडिओ. फ्रेस्नोहूनच चालणारं रादिओ बिलिंग्वे १९८० पासून प्रसारण करतंय, त्यावर मिश्तेकमध्येही कार्यक्रम असतो. तिथे दोन मिनिटं बोलायला मिळालं तर शंभर पत्रकं वाटायची गरज उरत नाही.

पोरं सांभाळायला कुणीतरी न्या, आणि येण्याजाण्याची सोय करा. ही चैन नाही. जीन मिरांडा यांच्या वॉशिंग्टन परिसरातल्या अभ्यासात, गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिना बायकांना उपचारांसोबत वाहन आणि पाळणाघराची सोय दिली होती. २००३ साली त्याचे निकाल आले, औषध आणि समुपदेशन दोन्हींचा गुण आला. बजेट मंजूर करणाऱ्यांना हे उदाहरण तोंडावर सांगता यायला हवं.

कागदपत्रं

सही घेऊ नका. नीतिसमितीकडे अर्ज करून तोंडी संमतीची परवानगी काढा. जिथे सहीचा कागद हाच सर्वांत मोठा धोका असतो तिथे ती मिळते. इमिग्रेशनचा दर्जा विचारू नका. प्राध्यापक म्हणतील, ‘पण तो तर महत्त्वाचा घटक आहे.’ असेल. जे लिहिलेलंच नाही ते कुणी मागू शकत नाही. केंद्र सरकारच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचा निधी असेल तर गोपनीयतेचं प्रमाणपत्र २०१७ पासून आपोआप लागू होतं, कोर्टाचं समन्स आलं तरी ओळख पटवणारी माहिती द्यावी लागू नये यासाठी. लोकांना ते समजावून सांगा, पण ‘काहीच होणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही.

मानधनाच्या गिफ्टकार्डापायी मी सर्वांत जास्त भांडले. एका हिशेब खात्याने प्रत्येकाचा सोशल सिक्युरिटी नंबर मागितला. लोकांची नावं न लिहिता संमती घ्यायची आणि मग वीस डॉलरसाठी नंबर घ्यायचा! चार महिने गेले. हे भांडण पहिल्याच महिन्यात उरकून घ्या.

छापा पडल्याची नुसती अफवा जरी आली तरी काम थांबवा. आयोवातल्या पोस्टव्हिलमध्ये १२ मे २००८ रोजी मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला, ३८९ जणांना पकडलं. त्यानंतर राज्यभरातल्या लॅटिना आयांच्या बाळांत कमी वजनाचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा २४ टक्क्यांनी जास्त दिसलं, अगदी अमेरिकेत जन्मलेल्या आयांमध्येही. भीती इतकी आत उतरते. त्या आठवड्यात तुम्ही फॉर्म घेऊन दारात उभे राहायचं नसतं, डाळ-तांदूळ घेऊन उभं राहता आलं तर राहा.

आता प्रश्नावली

आम्ही पीएचक्यू-९ वापरतो, डिप्रेशन चाचपायची प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आलं की लक्ष द्यायचं. फुकट आहे, स्पॅनिशमध्ये आहे. अडतं ते उत्तरांपाशी : ‘कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज’. निम्म्याहून जास्त म्हणजे किती? आम्ही १४ बेदाणे ठेवतो, १४ दिवसांचे. ‘झोप लागली नाही ते दिवस इकडे सरकवा.’ हात चालू झाला की तोंडही चालू होतं. (अशी युक्ती करणार असाल तर समितीला कळवून, सगळ्यांना सारखीच करा.)

पुरुष ‘उदास’ या शब्दाला नाही म्हणतात. झोपेपासून सुरू करा, मग दारू, मग गावाकडचा फोन. आई वारली, जाता आलं नाही, व्हिडिओवर माती पाहिली. हे मी इतक्यांदा ऐकलंय. ते उलट विचारतात, ‘तुमची आई कुठे?’ खरं सांगा. मी सांगते, तासगावला, व्हिसाच्या शिक्क्याच्या भानगडीत चार वर्षं गेले नव्हते. पण ‘आपलं सारखंच’ असं म्हणू नका. मी विमानात बसू शकत होते, फक्त परत येता येईल का ही धाकधूक होती. त्यांना परत यायचं तर वाळवंट ओलांडावं लागतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पहिल्यांदा कुणी त्यावर ‘रोज’ म्हणालं तेव्हा माझ्याकडे एक छापील यादी होती, बस. त्यातले दोन नंबर बंद. तेव्हापासून नियम : ज्या दिवशी फोनवर समुपदेशक हजर नाही त्या दिवशी प्रश्नावली उघडायची नाही. ९८८ ही हेल्पलाइन आहे, २ दाबलं की स्पॅनिश. पण मिश्तेक नाही. यादीतला प्रत्येक नंबर दर महिन्याला स्वतः लावून बघा, आणि तिथे इमिग्रेशनच्या कागदांशिवाय घेतात का ते विचारा. नियम फिरत राहतात : कॅलिफोर्नियाने मेडी-कॅल, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, जानेवारी २०२४ पासून कागद नसलेल्या सगळ्या वयोगटांतल्या गरिबांना खुलं केलं आणि जानेवारी २०२६ पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. जुनी यादी हातात देणं म्हणजे फसवणं.

निकाल आधी वस्तीत सांगा, मग जर्नलमध्ये. तक्ते नकोत. लॉस एंजेलिसमध्ये डिप्रेशनवर फोटोंची चित्रकथा काढून अभ्यास झाला होता, साध्या माहितीपत्रकापेक्षा उपचारांबद्दलची लाज तिने जास्त कमी केली. आम्हीही दोन्याला आणि तिच्या जावेला घेऊन अशी आठ पानं काढली. फोटो लॉन्ड्रोमॅटमध्येच काढले. चर्चच्या हॉलमध्ये वाटली तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, ‘सगळं बरोबर आहे, पण दवाखान्याची बस पाचला बंद होते आणि आम्ही सहाला सुटतो.’ तो मुद्दा आमच्या प्रश्नावलीत नव्हता. पुढच्या वर्षी घातला.

आणि प्रोजेक्टचा फोन. ग्रँट संपली की तो बंद करायला सांगतील. महिन्याचे पंधरा डॉलर आहेत, मी भरते. गेल्या महिन्यात रात्री नऊला वाजला. पलीकडे बाई, तीन वर्षांपूर्वीची. नाव मला माहीत नाही, आवाज ओळखला. ‘बेदाणेवाली ना तुम्ही?’ म्हणाली. चाळीस मिनिटं बोललो.