पॉवर हब घ्यायच्या आधी मागचं चाक काढा

जुना पॉवरटॅप जी३ हब (मागच्या चाकाच्या मध्यात बसणारा, पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर) चांगल्या भावात मिळतोय म्हणून पैसे पाठवण्याआधी आपल्या सायकलचं मागचं चाक काढा आणि फ्रेमकडे बघा. काय काय जुळतंय ते तपासायची यादी तिथून सुरू होते. वॅट, ब्लूटूथ, ॲप हे सगळं नंतर.

हा मीटर चेनच्या मागच्या टोकाला बसतो, एवढं कळलं की निम्मी यादी आपोआप गळून पडते. पेडलवर लावलेला जोर क्रँक, चेनरिंग (पुढची दातेरी चाकं), चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) असा प्रवास करत हबात पोचतो. आतल्या स्ट्रेन गेजना (ताण मोजणाऱ्या पट्ट्यांना) तो पीळ, म्हणजे टॉर्क, म्हणून जाणवतो, आणि पीळ गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे वॅट. त्यामुळे पुढे काय लावलंय याच्याशी हबला काही सोयरसुतक नसतं. बॉटम ब्रॅकेट (क्रँकची बेअरिंग बसतात तो भाग) आट्यांचा असो की प्रेसफिट, क्रँक १६५ मिमीची असो की १७५ ची, चेनरिंग ५०-३४ असोत की ५२-३६, आकडा तोच येणार. क्रँकमधला पॉवर मीटर घेताना जी डोकेदुखी असते ती इथे नाहीच. मात्र मागे एकही माप चुकवून चालत नाही. फ्रेममधली जागा, ब्रेक, फ्रीहब बॉडी (हबाचा उजवीकडचा खाचांचा भाग) आणि तिच्यावर चढणारी कॅसेट हे सगळं जुळलं पाहिजे. कॅसेट ठरली की डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) ओघाने आलेच.

हे हब अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सॅरिस कंपनीकडून यायचे. २०१९ मध्ये सॅरिसने पॉवरटॅप स्रॅम कंपनीला विकलं. आज आपल्यापर्यंत येतात ते बहुतेक कुणाच्या तरी चाकातून उतरलेले, म्हणजे सुटे भाग हाताशी असतील तेवढेच. त्यामुळे विकणाऱ्याला 'किती किलोमीटर चाललाय' हे विचारण्याआधी 'बॉडी कुठली आहे' हे विचारा.

तर फ्रेम. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर आतून आतून मोजा. रिम ब्रेकच्या रोड सायकलला ते १३० मिमी आणि क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) असतं. डिस्कवाल्या जुन्या सायकलींना १३५ आणि क्विक रिलीज, नव्यांना १४२ आणि १२ मिमीचा थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस). जी३ चा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार १३० चा, रिम ब्रेकचा. त्याला डिस्क लावायची सोयच नसते. कुणी 'ॲडॉप्टर टाकून १४२ मध्ये बसवू' म्हणालं तर चहा पाजा आणि विषय बदला. स्टीलची फ्रेम १२६ वरून १३० ला फाकवणारे जुने मिस्त्री आहेत, कार्बनला मात्र तसं काही करायचं नाही.

चाक विणून घ्यायचं असेल तर हबाची आणि रिमची स्पोकची भोकं सारखी हवीत. २०, २४, २८, ३२ असे हब निघाले. ७५ किलोच्या वरच्या माणसाने आपल्या रस्त्यांवर मागच्या चाकाला २८ किंवा ३२ च घ्यावीत असं माझं मत आहे. स्पोकची लांबी नेहमीच्या हबाच्या अंदाजाने मागवू नका, पॉवर हबाचं पोट मोठं आणि फ्लँज (स्पोक अडकतात ती कडा) उंच असते. हब हातात आल्यावर फ्लँजचा व्यास आणि मध्यापासूनचं अंतर मोजून हिशेब करायचा. आणि मागचं चाक रेडियल, म्हणजे स्पोक मध्यापासून सरळ बाहेर, असं विणायचं नाही. हबाचा सगळा पीळ स्पोकमधूनच रिमला जातो, तिरपे स्पोकच तो पेलू शकतात.

आता फ्रीहब बॉडी. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

शिमानो कंपनीची ८, ९ आणि १० गिअरची बॉडी एकच, खाचांची लांबी सुमारे ३५ मिमी. ११ गिअरची रोड बॉडी तिच्यापेक्षा १.८५ मिमीने लांब. डोळ्यांना हा फरक कळत नाही, व्हर्नियरला (बारीक माप घ्यायच्या साधनाला) कळतो. विकणाऱ्याला व्हर्नियर लावून फोटो काढायला सांगा. सुरुवातीचे जी३ दहाच्या बॉडीचे, पुढे अकराची बॉडी आली. लांब बॉडीवर कमी गिअरची कॅसेट चढवणं सोपं: मागे १.८५ मिमीचा स्पेसर टाकायचा. शिमानोच्या बऱ्याच १० गिअरच्या कॅसेटना आणखी १ मिमीचा पातळ स्पेसर लागतो, तो कॅसेटच्या डब्यात येतो आणि डब्यातच राहून जातो. लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने डुगडुगत असेल तर तो स्पेसर शोधा.

उलट, दहाच्या बॉडीवर ११ गिअर चढवायचे तर नेहमीची कॅसेट बसत नाही, शेवटच्या चकतीला खाचाच उरत नाहीत. इथे एक पळवाट आहे आणि ती बिनधास्त वापरावी. शिमानोची ११-३४ ची ११ गिअरची कॅसेट, एचजी७०० किंवा एचजी८००, मुद्दाम दहाच्या बॉडीच्या रुंदीत बनवली आहे. तिच्या सर्वांत मोठ्या चकत्या स्पोकच्या बाजूला कलून असतात, म्हणून जागा वाचते. दहाच्या बॉडीवर ती स्पेसरशिवाय चढते, अकराच्या बॉडीवर १.८५ च्या स्पेसरसह. म्हणजे दहाचा जुना हब घेऊनही ११ गिअर मिळतात, फक्त ११-२८ वगैरे बारीक कॅसेट विसरायची.

आणि घाटात राहणाऱ्यांनी तशीही ती विसरावी. हिशेब करून बघा. ७० किलोचा स्वार, १० किलोची सायकल बाटलीसकट, चढ ८ टक्के, हबावर २०० वॅट. वेग येतो ताशी साडेदहा किलोमीटरच्या आसपास. पुढे ३४ आणि मागे २८ असतील तर पाय मिनिटाला ६८ फेऱ्या मारतात. मागे ३४ असतील तर ८३. सिंहगडच्या शेवटच्या वळणांवर ८ टक्के म्हणजे विश्रांती वाटते, तिथे ६८ चे पन्नास कधी होतात कळत नाही. किती गिअर हवेत याआधी सर्वांत मोठी चकती किती दातांची हवी ते ठरवा.

शिमानोच्या बहुतेक १२ गिअरच्या रोड कॅसेट अकराच्या बॉडीवर बसतात, दहाच्या बॉडीवर नाही. तेव्हा अकराची बॉडी असलेला हब दोन-पाचशे रुपयांनी नव्हे, दोन-पाच हजारांनी महाग असला तरी घ्यावा, पुढचं अपग्रेड त्यात मोकळं राहतं. स्रॅमची ११ गिअरची रोड कॅसेट शिमानोच्या अकराच्या बॉडीवर चढते. पण स्रॅमच्या १२ गिअरच्या रेड, फोर्स, रायव्हल एएक्सएस कॅसेट १० दातांपासून सुरू होतात, त्यांना स्रॅमच्या एक्सडीआर प्रकारची बॉडी लागते. शिमानोच्या बॉडीवर १० दातांची चकती मावतच नाही, कितीही हातोडी मारा. कॅम्पाग्नोलो कंपनीच्या खाचा वेगळ्याच आकाराच्या, तिची कॅसेट तिच्याच बॉडीवर. बॉडी बदलून मिळत असेल तर ती नेमक्या त्याच हबाची आहे ना याची खात्री करा. दुसऱ्या कंपनीची 'सारखीच दिसणारी' बॉडी पॉल (एकाच दिशेला पकडणारे दाते), बेअरिंग आणि सील यातल्या एका ठिकाणी तरी दगा देते. आणि बॉडी बदलली की रिम फ्रेमच्या मध्यावर आहे का ते डिशिंग गेजने तपासून घ्या. लांब बॉडीने उजव्या बाजूची जागा खाल्ली की चाक एका अंगाला सरकतं.

हब हातात आला की कॅसेट उतरवून बॉडीच्या खाचांवर नख फिरवा. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर सुट्या चकत्या रुततात आणि कडेला चावल्यासारख्या खुणा पडतात. अर्धा मिलिमीटर असेल तर बारीक कानशीने घासून चालवता येतं. त्याहून खोल असेल तर कॅसेट काढताना चेनव्हिपबरोबर (कॅसेट धरायच्या हत्याराबरोबर) तुमचाही घाम निघणार. नवी कॅसेट चढवताना खाचांना ग्रीसचा पातळ हात द्या आणि लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळा. गल्लीतला मेकॅनिक अंदाजाने आवळतो आणि बहुतेक वेळा बरोबर आवळतो, पण टॉर्क पाना मिळत असेल तर वापरा.

डिरेलरकडे या. त्याच्या दोन मर्यादा असतात: सर्वांत मोठी चकती किती दातांची चालते आणि एकूण चेन किती गुंडाळता येते. दुसरीचा हिशेब सोपा. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चकतीतला फरक. ५०-३४ आणि ११-३४ म्हणजे १६ अधिक २३, एकूण ३९. शिमानोच्या अल्टेग्रा आर८००० किंवा १०५ आर७००० या मालिकांचा लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाचा) डिरेलर नेमका ३९ आणि ३४ दातांपर्यंत चालतो, म्हणजे सगळं काठोकाठ बसतं. आखूड पिंजऱ्याचा आर८००० मात्र ३५ आणि ३० दातांवर थांबतो. सायकलवर सध्या कुठला आहे ते मागे वाकून वाचा, आतल्या बाजूला कोरलेलं असतं.

शिफ्टर आणि डिरेलर एकाच गोत्रातले हवेत. गोंधळ होतो तो शिमानोच्या टिआग्रा मालिकेत. टिआग्रा ४७०० दहा गिअरचा असला तरी केबल ओढायचं त्याचं माप आधीच्या दहा गिअरच्या १०५ ५७०० किंवा अल्टेग्रा ६७०० शी जुळत नाही. कॅसेट दहाची, शिफ्टर दहाचा, डिरेलर दहाचा, आणि तरी गिअर अडकतोय अशी तक्रार आली की आधी हे बघायचं. हबाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

चेन जुनी असेल तर गेज लावा. ११ आणि १२ गिअरला ०.५ टक्के ताणली की बदलायची. नवी कॅसेट आणि ताणलेली चेन एकत्र आणू नका. मोठी चकती आणली तर लांबीही वाढणार: मोठी चेनरिंग आणि मोठी चकती यांवरून डिरेलरमध्ये न ओवता चेन फिरवायची आणि वर दोन कड्या धरायच्या.

चाक बसलं, गिअर लागले, आता इलेक्ट्रॉनिक्स. जी३ मध्ये ते सगळं डाव्या बाजूच्या टोपीखाली असतं आणि सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल लागतो, किराणा दुकानातही मिळतो. टोपी उघडायची चावी मात्र हबाबरोबर मागून घ्या, पक्कडीने उघडलेल्या टोप्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात. टोपीतलं रबराचं सील सपाट आणि लवचिक आहे ना, बघा. जून ते सप्टेंबर ताम्हिणीत किंवा वरंध्यात चालवणार असाल तर याला पर्याय नाही. पाण्याची बारीक पिचकारी हबावर मारायची नाही, सर्व्हिस सेंटरमध्येही बजावून ठेवा. जुन्या टोपीत फक्त एएनटी प्लस (सायकलीच्या सेन्सरची बिनतारी जोडणी) असतं, नंतरच्या टोप्यांत ब्लूटूथही आलं. मोबाइलवरच बघणार असाल तर हा फरक महत्त्वाचा, सायकल कॉम्प्युटर असेल तर एएनटी प्लस पुरे.

जोडणी झाली की झिरो ऑफसेट, म्हणजे जोर नसताना आकडा शून्यावर आणणं. सायकल उन्हात किंवा घराबाहेर दहा-पंधरा मिनिटं उभी करून, पेडलवर पाय न ठेवता. पुढे राइडमध्ये तुम्ही पेडल न मारता घसरत जाता तेव्हा पॉवरटॅप स्वतःच शून्य जुळवून घेतो, म्हणून सपाट रस्त्यावर तासभर सतत पेडल मारण्यापेक्षा मधे दोन-चार सेकंद पाय थांबवणं बरं. चाकाचा घेर कॉम्प्युटरमध्ये नीट टाका, ७००×२५ ला २१०५ मिमी. तो चुकला तर वेग आणि अंतर चुकतं. वॅट चुकत नाहीत, कारण ते हबाच्या फेऱ्यांवरून निघतात.

आकडा खरा आहे का हे घरात तपासता येतं, टॉर्क दाखवणारं ॲप किंवा सायकल कॉम्प्युटर हवा. पुढे ५०, मागे २५ लावा (११-३४ मध्ये २५ ची चकती असते). मागचा ब्रेक पट्टीने करकचून बांधा. क्रँक पुढच्या बाजूला आडवी धरा आणि पेडलला काटेकोर वजन केलेली २० किलोची तांदळाची पिशवी टांगा. १७० मिमीच्या क्रँकवर पीळ होतो २० गुणिले ९.८१ गुणिले ०.१७, म्हणजे ३३.४ न्यूटन मीटर. पुढच्यापेक्षा मागे दात निम्मे, म्हणून हबावर निम्मा, १६.७. जी३ ची अचूकता अधिक-उणे दीड टक्का सांगितली जाते. चेन आणि बेअरिंग थोडं खातात, तेव्हा १६.३ ते १७ च्या मधे कुठेही आलं तर पिशवी परत स्वयंपाकघरात न्या. १५ दिसत असेल तर आधी झिरो ऑफसेट पुन्हा करा आणि क्रँक खरंच आडवी आहे का ते लेव्हल लावून बघा, मग विकणाऱ्याला फोन.

मित्राच्या क्रँक मीटरशी तुलना करायचा मोह होईल. त्याचे २५० तर तुमचे २४३-२४५ येतील, कारण चेनमध्ये गेलेली ताकद हबापर्यंत पोचत नाही. डावा-उजवा पाय किती टक्के हे हब सांगत नाही, दोन्हींची बेरीज सांगतो. पायांच्या फेऱ्यांचा आकडा (कॅडन्स) तो पिळाच्या लाटांवरून अंदाजाने काढतो, चढावर ठीक, खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो. क्रँकला लावायचा साधा कॅडन्स सेन्सर घेऊन टाका. आणि घरात डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागच्या चाकाच्या जागी सायकल बसवून घरातच चालवायचं यंत्र) असेल तर लक्षात ठेवा, त्यावर मागचं चाक काढून ठेवावं लागतं, म्हणजे पावसाळाभर हब भिंतीला टेकलेला. तसा ट्रेनर असेल आणि पावसात बाहेर पडणार नसाल, तर हबाचे पैसे पेडलमधल्या मीटरसाठी राखून ठेवा.