नणंद-भावजय डोंगरातल्या शर्यतीत: या चुका टाळा

भीड भिकेची बहीण, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. हातउसने मागायला येणाऱ्यांबद्दल असायचं ते. मला ती म्हण कळली साताऱ्याजवळच्या एका 25 किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत. सतरावा किलोमीटर, आणि आक्का जांभ्या दगडावर डोकं धरून बसलेल्या.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. वय 52, राहायला सांगलीत. मी 44, साताऱ्याची. त्याआधीचे पाच-सहा किलोमीटर मी दर वळणाला विचारत होते, "बरं वाटतंय ना, आक्का?" आणि त्या म्हणत होत्या, "मला काय धाड भरलीय?" खरं तर त्यांना मळमळत होतं. माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. भावजयीची शर्यत बिघडायला नको म्हणून त्या गप्प, आणि मोठ्या नणंदेला "थांबा" कसं म्हणायचं म्हणून मी गप्प. मैत्रीण असती तर तिसऱ्या किलोमीटरलाच भांडून मोकळी झाले असते.

त्या वर्षी आम्ही एकोणिसाव्या किलोमीटरला शर्यत सोडली. पुढच्या वर्षी पुन्हा नाव दिलं आणि पूर्ण केली. मधल्या वर्षात जे उमगलं ते असं.

"बरं वाटतंय ना?" हे विचारूच नका

या प्रश्नाला आपल्या घरांत एकच उत्तर असतं. त्याऐवजी आता आम्ही आकडा विचारतो. शून्य म्हणजे मजेत, दहा म्हणजे आता पडते. पाचपर्यंत चालू द्यायचं, सहा-सात आला की वेग कमी करून काहीतरी खायचं, आठला थांबायचं. दर अर्ध्या तासाला फोनचा गजर होतो, तेव्हा दोघींनी आकडा सांगायचा. मोठ्यांनी आधी. आणि आकडा ऐकून "एवढं काय त्यात" म्हणायचं नाही, ही अट. "तुम्ही जरा बसता का" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण "आकडा?" म्हणायला काहीच वाटत नाही.

शिवाय माणूस ओळखीचं आहे याचा फायदा घ्या. आक्का स्वयंपाकघरात, लग्नात, एसटीत, कुठेही अखंड बोलतात. त्या दिवशी बाराव्या किलोमीटरपासून त्या गप्प होत्या आणि मला वाटलं, वा, काय लय लागली आहे! बोलकं माणूस मुकं झालं किंवा शांत माणूस चिडचिड करायला लागलं, की बहुतेक वेळा पोटात इंधन संपलेलं असतं.

वर जाऊन वाट बघणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक जोडी करते. जोरकस माणूस चढ पळत चढतो, वर थांबतो, श्वास घेतो, पाणी पितो. मागचा धापा टाकत पोचला की हा म्हणतो, "चला!" म्हणजे विश्रांती ज्याला नको होती त्याला मिळाली. चढावर हळू चालणाऱ्यालाच पुढे ठेवा. पुढच्याने पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच दम लावायचा. पुढच्याला वाक्य तोडून बोलावं लागत असेल तर वेग जास्त आहे. आणि तीव्र चढ चालत चढण्यात कमीपणा नाही, अनुभवी धावपटूही गुडघ्यांवर हात टेकून चढतात.

उतारावर उलट. मागून कोणी टाचेला टाच लावून आलं की पुढचा घाबरून वेग वाढवतो आणि तिथेच घोटा मुरगळतो. दहा-बारा पावलांचं अंतर ठेवा.

किलोमीटर मोजले, चढ मोजलाच नाही

आक्कांचा सराव कृष्णेच्या काठाने, सपाट रस्त्यावर. आठवड्याला 40 किलोमीटर. मी कौतुकाने म्हटलं, 25 तर हसत होतील. पण त्या शर्यतीत एकूण चढ होता 1,100 मीटर. सातारा शहरातून अजिंक्यतारा साधारण 300 मीटर उंच, म्हणजे साडेतीनपेक्षा जास्त अजिंक्यतारे! असं सांगितलं असतं तर आक्कांना लगेच अंदाज आला असता, त्या दर वर्षी मंगळाईच्या दर्शनाला चढतात.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला हिशेब अजून कामाचा आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आमच्या शर्यतीला तो लावला तर पाच तास आणि वर 1 तास 50 मिनिटं. हा चालणाऱ्याचा वेळ, धावणारा अर्थातच लवकर पोचेल. पण कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, साडेसहा तासांची असेल तर "निम्मं चालू, निम्मं धावू" यात फारशी उसंत नाही, हे घरी बसूनच कळतं. सांगलीकरांनी रविवारी दंडोबाच्या डोंगराला जावं. तेही जमत नसेल तर इमारतीचे जिने आहेत, फक्त उतरताना लिफ्ट घेऊ नका.

कारण खरी खोड उतारात असते. चढताना दम जातो, उतरताना मांड्या. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार झेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला जातं. गंमत अशी की एकदा असा मार खाल्लेले स्नायू पुढचे काही आठवडे तसाच उतार बऱ्यापैकी सोसतात. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक लांब, जोराचा उतार उतरून घ्या. यवतेश्वरचा घाट वर गाडीने जाऊन खाली धावत आलात तरी चालेल, मात्र पहाटे, वाहनं नसताना. शेवटच्या आठवड्यात हा उद्योग नको.

पाणी, मीठ आणि कंदी पेढे

आक्का सतराव्याला बसल्या त्यामागे खाण्यापिण्यातला गोंधळ होता. क्षारांच्या पावडरीचं जे पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं असतं, ते त्यांनी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं होतं, "जास्त ताकद" म्हणून. दाट पाणी पोटात तसंच राहतं, डुचमळतं, मग मळमळ. मी म्हटलं आणखी प्या. आगीत तेल.

असं झालं तर साधं पाणी घोट घोट घ्या, वेग एकदम कमी करा, सावलीला जा. पोट शांत होईपर्यंत गोड काही नको. वीसेक मिनिटांत बहुतेक वेळा बरं वाटतं.

उलटी चूकही होते आणि ती जास्त धोक्याची. तहान नसताना दर थांब्यावर नुसतं पाणी रिचवत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी किंवा बांगड्या घट्ट होतात, डोकं ठणकतं, मळमळतं. अशा वेळी साधं पाणी बंद करा, खारं काही द्या. बोलण्यात असंबद्धपणा आला, चाल डळमळली तर शर्यत तिथेच संपली, लगेच डॉक्टर गाठा. मळमळ दोन्हींत असते, म्हणून आधी हात बघा आणि किती पाणी प्यायलात ते आठवा.

खाण्याचं म्हणाल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम. खजूर, राजगिऱ्याची वडी, गूळ, सगळं चालतं, सरावात खाऊन पाहिलेलं असलं की झालं. साताऱ्याच्या अभिमानापोटी मी कंदी पेढे नेले होते. खव्यातलं तूप पोटात रेंगाळतं. पेढे शर्यतीनंतर.

आणि अंग दुखतंय म्हणून मध्येच वेदनाशामक गोळी घेऊ नका. आक्कांच्या कमरेच्या पाकिटात ती कायम असते. पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

एकीकडे डबा, दुसरीकडे पाणी

संसाराची सवय. खाणं माझ्या सॅकमध्ये, क्षारांचं पाणी आणि शिटी आक्कांच्या. दाट धुक्यात अर्धा किलोमीटर अंतर पडलं तेव्हा एक उपाशी आणि एक तहानलेली अशी वाटणी झाली. दोघांचंही सगळं सामान वेगळं हवं: पाणी, खाणं, शिटी, फोन, पातळ रेनकोट.

बुटांबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात ओला जांभा आणि शेवाळलेला कातळ गुळगुळीत तळव्यांना उभं राहू देत नाही, खोल दात्यांचे बूट घ्या आणि किमान 50 किलोमीटर वापरून मगच शर्यतीत घाला. नखं दोन दिवस आधी कापा. टाच गरम वाटली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा. फोड आल्यावर लावून काय उपयोग, मला विचारा. कासच्या बाजूचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, वाटेत असतील तर चिखल चुकवायला पायवाट सोडून फुलांवर उतरू नका. जांभ्यावरच्या बोटभर मातीत ती जगतात.

आदल्या रात्रीच्या पोळ्या

हे पुरुषांच्या लेखांत सापडणार नाही. शर्यतीला पाहुणे आले, म्हणून आदल्या रात्री आम्ही दोघींनी साठ पोळ्या लाटल्या. झोपायला साडेबारा, उठायला साडेतीन. दुसऱ्या वर्षी खानावळीतून डबे मागवले. नवऱ्याने विचारलं, "घरात दोन बायका असून?" आक्का म्हणाल्या, "दोन्ही धावणार आहेत. तू लाट." मोही गावच्या धावपटू ललिता बाबरचं ते 2016 सालच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीचं उदाहरणही त्यांनी भावाला ऐकवलं, अर्थात त्याचा पोळ्यांशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही.

सोडायचं कधी, हे डोंगरात ठरवणं

दमलेलं डोकं आणि नात्याची भीड, अशा जोडगोळीकडून धड निर्णय होत नाही. घरीच ठरवा: एक थांबली तर दुसरी पुढे जाणार का? आमचं ठरलं आहे की थांब्यावर स्वयंसेवकांच्या हवाली केल्याशिवाय कोणी कोणाला सोडायचं नाही. त्यानंतर पुढे जाणारीने अपराधी वाटून घ्यायचं नाही आणि थांबणारीने महिनाभर टोमणे मारायचे नाहीत.

घोटा मुरगळला तर त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकून बघा. टाकता येत नसतील तर एक्सरे लागेल, "जरा चोळून बघू" नको. आणि शर्यत सोडली की स्वयंसेवकाला सांगून छातीवरचा नंबर नोंदवा. तसंच गाडीत बसून घरी गेलात तर मागे लोक दरीत बॅटऱ्या मारत फिरतात.

दुसऱ्या वर्षी शेवटच्या उतारावर गजर झाला. आक्का म्हणाल्या, "चार. तुझा?" मी म्हटलं, "सात."

"मग पळतेस कशाला? चाल."

शर्यत संपल्यावर लगेच सव्वाशे किलोमीटर गाडीत बसून सांगलीला परतायची चूक मात्र आक्कांनी दोन्ही वर्षी केली. जायचंच असेल तर दर अर्ध्या-पाऊण तासाला उतरून चार पावलं चाला. आणि दुसऱ्या दिवशी घरातला जिना उतरवत नसेल तर कठडा धरून पाठमोरे उतरा. मांड्या कमी ओरडतात. शेजारी हसतात, पण तेवढंच.