सोयाबीन पिवळं पडलं की युरिया? खत देताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली की मराठवाड्यात रानंच्या रानं पिवळी दिसू लागतात, आणि पहिला हात जातो तो युरियाच्या बॅगेकडे. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी पान बघा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं सगळीच्या सगळी फिकट झाली तर गंधक. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर लोह. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण सामू (जमिनीचा pH) आठच्या वर असला की मुळांना ते घेता येत नाही. रान चिबडलं, म्हणजे पाणी साचून राहिलं, की आणखीच अवघड. तिथे युरिया फेकून काय होणार? चर काढून पाणी बाहेर घाला, वाफसा येताच, म्हणजे जमीन मशागतीजोगी ओलसर होताच, कोळपा. तरीही शेंडा पिवळाच राहिला तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन फवारा. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो मोझॅक, विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते, खताने हटत नाही.

पेरणीनंतर महिनाभराने एक झाड खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, मुळांवरच्या गाठी जमिनीतच राहतात. मुळं हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर गाठीतला रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडतोय. अशा पिकाला वरून युरिया दिला की गाठींचं काम मंदावतं आणि झाड नुसतं पाल्यावर जातं. गाठी नाहीतच किंवा आतून पांढरट-हिरवट असतील तर पेरणी आठवा: बी आणि खत पाभरीच्या एकाच चाड्यातून सोडलं होतं का? जिवाणू आधी लावून वर बुरशीनाशक चोळलं होतं का? क्रम उलटा हवा. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, रायझोबियम शेवटी, आणि बी सावलीत सुकवायचं.

आता गंधक, ज्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र, 60 स्फुरद (फॉस्फरस), 30 पालाश (पोटॅश) आणि 20 किलो गंधक अशी आहे. एकरी 12, 24, 12 आणि 8. सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या तीन बॅगांत स्फुरद पुरा होतो आणि गंधकही मिळून जातं. सोबत नत्रासाठी 26 किलो युरिया आणि पालाशसाठी 20 किलो पोटॅश खत. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट खतात) मात्र गंधक नाही. एका बॅगेत नत्र-स्फुरद जवळपास भागतं म्हणून आपण तिथेच थांबतो.

आणि इथेच दाणा मार खातो. सोयाबीनमध्ये साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल. मेथिओनिन आणि सिस्टीन ही अमिनो आम्लं गंधकाशिवाय तयारच होत नाहीत. गंधक कमी पडलं की झाड ज्यात मेथिओनिन जवळजवळ नाही अशी प्रथिनं दाण्यात जास्त भरतं. प्रथिनांचा आकडा फारसा हलत नाही, कस मात्र उतरतो. सोयाबीनची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि तिथे पहिली टंचाई मेथिओनिनचीच असते, ते वेगळं घालावं लागतं. मोंढ्यात ओलावा, माती, डागी दाणे बघून भाव ठरतो, प्रथिनं कुणी विचारत नाही. पण प्रथिनांसाठीच ओळखलं जाणारं हे पीक, त्याचा कस आपल्याच रानात असा जाऊ देणं मला पटत नाही.

डीएपीच वापरणार असाल तर एकरी 8 ते 10 किलो गंधक आणि 20 किलो पोटॅश वेगळं घ्या, पण पेरणीलाच. दाणेदार 90 टक्के गंधक आधी जमिनीतले जिवाणू पचवतात, मग ते मुळांना लागू होतं. फुलोऱ्यात टाकलं तर शेंगा भरेपर्यंत ते उपयोगी पडेलच असं नाही. झिंक सल्फेट डीएपीत मिसळू नका, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. आणि उन्हाळ्यात मातीचा नमुना देताना नत्र, स्फुरद, पालाशवर थांबू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत गंधक, जस्त, लोह, बोरॉन हेही असतात, ते रकाने भरून मागा.