डिप्लोमसी खेळताना या चुका टाळा: गुप्त बोलणी आणि अपुरी माहिती

ॲलन कॅलहॅमर यांनी १९५९ साली बाजारात आणलेल्या ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळात सात खेळाडू १९०१ सालच्या युरोपातील सात सत्तांची सूत्रे हाती घेतात आणि ३४ पुरवठा केंद्रांपैकी (फौजा व आरमारे पोसणाऱ्या खास प्रांतांपैकी) १८ मिळवणारा जिंकतो. फाशाला येथे स्थान नाही. पटावरच्या सर्व तुकड्या सर्वांना दिसतात. दिसत नाहीत ती दोघांमधली बोलणी आणि सर्वांचे आदेश एकाच वेळी उघड होईपर्यंतचे मनसुबे. नवखे खेळाडू बहुधा तिथेच फसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ शेजाऱ्यांशी बोलणे. सीमा लागत नाही म्हणून इंग्लंड तुर्कस्तानला पत्र लिहीत नाही, पण रशिया दोघांचाही शेजारी आहे. मॉस्कोची फौज दक्षिणेला जाईल असे रशियाने इंग्लंडला कळवले असेल आणि तीच फौज सेंट पीटर्सबर्गला पाठवण्याचे वचन तुर्कस्तानला दिले असेल, तर दोघांनी एकमेकांना विचारताच पहिल्या चालीआधीच लबाडी उघडी पडते. मात्र आलेले पत्र जसेच्या तसे पुढे धाडू नये. मजकूर कोणालाही रचता येतो, त्यामुळे तो पुरावा ठरत नाही, आणि पत्रे फोडणाऱ्याला पुढे कोणी मनातले सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे गोड शब्दांवर विसंबणे आणि उघड झालेले आदेश नीट न वाचणे. फ्रान्स मैत्रीची ग्वाही देत असताना ब्रेस्टला आरमार उभारत असेल, तर इंग्लंडने त्या आरमाराचा जाब लगेच विचारावा. ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी आपापल्या सीमेवरच्या गॅलिशिया प्रांतात एकाच वेळी फौजा पाठवून एकमेकांना अडवायचे ठरवले आणि ऑस्ट्रियाने ऐन वेळी व्हिएन्नाची फौज जागीच ठेवली, तर वॉर्सॉची फौज गॅलिशियात येते आणि व्हिएन्ना व बुडापेस्ट या दोन्ही केंद्रांना धोका निर्माण होतो.

परराष्ट्रमंत्र्याची भूमिका वठवत लांबलचक खलिते लिहिणे आनंदाचे असते, आणि त्याने खेळाला रंगही चढतो. परंतु कोणती तुकडी, कोठे, कोणत्या हंगामात (वसंतातल्या की शरदातल्या चालीत), हे त्यात नसेल तर तो तह नव्हे.

पाठिंबा, म्हणजे स्वतः न हलता दुसऱ्या तुकडीच्या चालीला जोर देण्याचा आदेश, फसला की लगेच दग्याचा आरोप करू नका. सर्बियातील फौजेने बुडापेस्टहून रुमानियावर होणाऱ्या हल्ल्याला पाठिंबा दिला असेल, तर बल्गेरियातून सर्बियावर झालेला साधा हल्लाही तो पाठिंबा तोडतो. पाठिंब्याच्या आदेशात लिहिलेली चाल प्रत्यक्ष चालीशी तंतोतंत जुळली नाही, तरीही पाठिंबा वाया जातो. म्हणून आधी आदेश तपासा आणि मगच पत्र लिहा.

स्वतः दगा देण्याचा मोह एका केंद्रासाठी कधीही करू नये. समोरच्याला सावरता येणार नाही इतके नुकसान होत असेल, तरच त्याची किंमत वसूल होते, असे माझे ठाम मत आहे. आणि दगा तुम्हालाच झाला, तर खेळ सोडू नका, कारण त्याने उरलेल्यांचाही डाव बिघडतो. दगाबाजाच्या दुसऱ्या शेजाऱ्याला त्याच दिवशी लिहा, आणि तुमच्या उरलेल्या दोन तुकड्या कोणाच्या हल्ल्याला पाठिंबा देऊ शकतात, ते प्रांतांची नावे घालून स्पष्ट सांगा.