गावतळ्याचा जुना फोटो आणि नवा फोटो : जोडी कशी जुळवावी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानपट्ट्यात बहुतेक गावांची ओळख त्यांच्या तलावावरून होते. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांकडे, राहिलेल्या आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेल्या या तलावांना आज आपण ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतो. अशा गावाचे जुने आणि आजचे फोटो शेजारी ठेवण्याची हौस अलीकडे वाढली आहे, ती चांगलीच आहे. मात्र जागा आणि महिना जुळला नाही, तर ती जोडी सरळसरळ खोटे बोलते. मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका जुन्या फोटोत पाळेच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, काठापर्यंत पाणी होते. मी मे महिन्यात जाऊन भेगाळलेल्या तळाचा फोटो काढला आणि तलाव मेल्याचे सर्वांना सांगत सुटलो. गावातील एका आजोबांनी दोन्ही फोटो पाहून एवढेच म्हटले, “हा जेठातला नोहे जी, कार्तिकातला होय. जेठात तं आमच्या लहानपणीही तिथं गुरं चरत.”

सुरुवात फोटो गोळा करण्यापासून होते. गावात तलावाचा म्हणून काढलेला फोटो क्वचितच मिळतो. तो लग्नाच्या वरातीमागे, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गर्दीमागे किंवा शाळेच्या गटफोटोच्या कोपऱ्यात सापडतो. म्हणून “तलावाचा फोटो आहे का?” असे न विचारता “जुने अल्बम पाहू द्याल का?” असे विचारावे. दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस यासाठी सर्वांत सोयीचे, कारण नागपूर-पुण्याला गेलेली माणसेही तेव्हा घरी असतात. मूळ फोटो घरातून नेऊ नये. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी तो सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल अगदी समांतर धरून प्रत काढावी. स्कॅनर असेल तर साध्या प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरतात. टिकलीएवढी माणसे ओळखायची असतील किंवा प्रिंट फार लहान असेल तर १२०० ठेवावेत. ओलीमुळे काचेला चिकटलेला फोटो ओढून काढण्याचा मोह टाळावा आणि काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. मागची बाजूही टिपावी, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

फोटोचे साल ठरवताना माणसांच्या आठवणींपेक्षा चित्रातील वस्तूंवर अधिक भिस्त ठेवावी. शाळेच्या पाटीवर ‘मध्य प्रदेश’ असेल तर फोटो १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण तोवर हा भाग त्या राज्यात होता. आज गडचिरोलीत असलेल्या गावाच्या पाटीवर चंद्रपूर जिल्हा लिहिलेला असेल तर २६ ऑगस्ट १९८२ पूर्वीचा, आणि गोंदियातील गावाच्या पाटीवर भंडारा असेल तर १ मे १९९९ पूर्वीचा, असा अंदाज धरता येतो. पाट्या लगेच रंगवल्या जात नाहीत, हे लक्षात ठेवून दोन-चार वर्षांची सूट द्यावी. विजेचे खांब, कवेलूंच्या (कौलांच्या) जागी आलेले टिनाचे पत्रे, चौकातील हातपंप यांवरूनही क्रम लागतो.

महिना मात्र शेत सांगते. बांधीत (धानाच्या खाचरात) पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, असतील तर आषाढाच्या आसपास, रोवणा (लावणी) चालू असेल तर श्रावण, भारे पडलेले असतील तर कार्तिक, आणि कापलेल्या धसकटांत लाखोरी (लाखेची डाळ) हिरवी दिसली तर थंडी. पळस पानांविना फुललेला असेल तर शिमगा जवळ आलेला असतो. सावलीही पाहावी : आपल्याकडे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाशी गोळा होते, तर हिवाळ्यात दुपारीदेखील ती उत्तरेला लांब पडते.

आता खरे काम, म्हणजे उभे राहण्याची जागा. चित्रातील वस्तूंची एकमेकांमागची मांडणी केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर ठरते, भिंगावर नाही. म्हणून झाडांचा भरवसा न धरता न हलणाऱ्या दोन वस्तू निवडाव्यात, एक जवळची आणि एक दूरची; तुडुमाचे, म्हणजे तलावातून पाणी सोडण्याच्या दाराचे, दगड आणि मारुतीच्या देवळाचा कळस ही जोडी आमच्या गावात उपयोगी पडली. जुन्या फोटोची छापील प्रत हातात घेऊन पाळेवर उभे राहावे. दगड कळसाच्या तुलनेत जुन्या फोटोपेक्षा डावीकडे सरकलेले दिसले तर आपण डावीकडे सरकावे, उजवीकडे दिसले तर उजवीकडे. दगड कळसाच्या मानाने लहान दिसत असतील तर पुढे जावे, मोठे दिसत असतील तर मागे यावे. दगड खाली गेलेले वाटले तर वाकावे. जुना डबा कॅमेरा पोटाशी धरून फोटो काढत, त्यामुळे अनेकदा गुडघ्यावर बसल्यावरच मेळ बसतो. आम्हाला एका फोटोसाठी पाऊण तास लागला आणि शेवटचा फरक जेमतेम दोन पावलांचा होता.

मोबाइलच्या चित्रात जुन्यापेक्षा जास्त परिसर मावतो, म्हणून पुढे चालत जाण्याची घाई होते. तसे करू नये. जागा तीच ठेवावी आणि जास्तीचा भाग नंतर कापावा. पाळ डागडुजीत उंच झाली असेल, जुन्या जागी घर उभे राहिले असेल किंवा बेशरमाच्या झुडपांमुळे काही दिसतच नसेल, तर शक्य तितक्या जवळून फोटो काढून तसे स्पष्ट नोंदवावे. मोबाइलमधील अक्षांश-रेखांशांबरोबर ‘तुडुमापासून दक्षिणेला चौदा पावले’ अशी साधी नोंदही वहीत करावी, कारण दहा वर्षांनी येणाऱ्याला तीच अधिक कामी येईल.

पाणी खरोखर आटले की तलावाची जमीनच कमी झाली, हे फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी तलाठ्याकडील गावनकाशा आणि निस्तारपत्रक पाहावे. तलावाखालची जमीन आणि गावाचे वहिवाटीचे हक्क त्यात नोंदलेले असतात. चित्रातील पाण्याची कड आणि नकाशातील हद्द यांत फरक दिसला, तर तेवढाच लिहावा. अतिक्रमण कोणी केले याचा निवाडा फोटोखालच्या दोन ओळींत करू नये.

फोटोतील माणसांची नावे घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नयेत, विशेषतः पाणवठ्यावरील बायकांची. कोणती विहीर कोणत्या मोहल्ल्याची होती, याची दुखरी आठवण अजून जिवंत असते. ती कोणी सांगितली तर ऐकून घ्यावी आणि छापण्याआधी पुन्हा विचारावे. छापील प्रतीच्या मागे साल, महिना, जागा आणि फोटो कोणाकडून मिळाला हे मऊ पेन्सिलीने लिहावे, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. एक प्रत त्या घरी द्यावी. आमची कार्तिकातली जोडी मंडईच्या दिवशी मी त्या आजोबांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी आधी पाण्याची कड बोटाने मोजली आणि मग विचारले, “शिंगाड्याचे वेल कुठं गेले जी?”